पाठवलेली माहिती : शून्य

घोटण्याच्या वळणावर आमच्या जीपचा ड्रायव्हर इलाहीने तीनदा हॉर्न दिला. समोरचा रस्ता दूरवर रिकामा होता. डावीकडे ऊस, उजवीकडे मांजी नदीचा उतार. माणूस किंवा जनावर एकही नाही. कारण विचारले तेव्हा इलाही म्हणाला, "वळण वाईट हाय, मॅडम." वळण वाईट नव्हते. मी तेवढे पाहून ठेवले. निरीक्षण बरोबर होते. निष्कर्षाला मला तासभर लागला.

२०१४ चा ऑगस्ट होता. नद्यांच्या पाणीपातळीच्या नोंदी तपासणाऱ्या एका सरकारी कार्यालयात मी वैज्ञानिक सहायक होते. तेवीस सरितामापन केंद्रांचे आकडे माझ्या टेबलावर येत आणि त्यांच्यावर विश्वास न ठेवणे हे माझे काम होते. घोटणे हे त्यांतले एक केंद्र. नदीकाठी दोन खोल्या, पुढे कट्टा, कट्ट्यापासून पाण्यात उतरणाऱ्या पायऱ्या आणि पायऱ्यांच्या कडेला सेंटिमीटरच्या खुणा रंगवलेल्या मोजपट्ट्या. आनंदा डवरी नावाचा निरीक्षक पट्टी डोळ्यांनी वाचून आकडा फोनवरून पाठवत असे. आदल्या वर्षी एका ठेकेदाराने तेथे स्वयंचलित यंत्रणा बसवली होती. काठात उभा पुरलेला लोखंडी नळ, नळाच्या तळाला पाणी आत येण्यासाठी भोके, आत तरंगा, तरंग्याची तार खोलीतल्या पेटीला, पेटी राउटरला. राउटरने पावसाळ्यात दर तासाला आणि एरवी दिवसातून तीनदा आकडा आमच्या कार्यालयात पाठवायचा, अशी योजना.

आकडे येत होते. त्यांच्यापुढे 'स्वयंचलित' अशी खूणही होती. परंतु पावसाळा सुरू झाल्यापासून ते तासातासाला न येता तीनतीन, चारचार एकदम येऊ लागले. राउटरची जोडणी मधूनमधून तुटते आहे, हे उघड होते. ठेकेदाराचा माणूस तीन आठवडे 'उद्या येतो' म्हणत होता. जोडणीची माहिती चार ओळींची होती. मी तो कागद आणि लॅपटॉप घेतला आणि स्वतः निघाले. निघताना आमचे कार्यकारी अभियंता घोरपडे साहेब यांनी बजावले की वरचे धरण भरले आहे, पाच वाजता दरवाजे उघडायचे आहेत आणि किती उघडायचे ते घोटण्याच्या पातळीवर ठरणार आहे. तेथे पाणी ५४०.०० मीटरच्या वर असेल, तर खालच्या बेलवाडीची साठ घरे धोक्यात येत.

दारात डवरींची पत्नी मालन उभी होती. पंचेचाळीसच्या आसपास वय, हातात हिरव्या बांगड्या, कपाळावर मोठे कुंकू. कुंकू ओले होते. त्याचा एक ओघळ भुवईपर्यंत आला होता. डवरी बेलवाडीला गेले आहेत, येतीलच, असे तिने सांगितले. फोन लागला तेव्हाही मला दोनदा असेच उत्तर मिळाले होते. चहा ठेवायला ती आत गेली. कोपऱ्यात शिलाई मशीन होते, त्यावर अर्धवट शिवलेली परकर-पोलकी.

राउटर भिंतीवरच्या फळीवर होता, पारदर्शक पिशवीत गुंडाळलेला. पिशवीवर खंडेनवमीच्या पूजेची हळद-कुंकवाची बोटे वाळून राहिली होती. आतला हिरवा दिवा लागलेला होता. मी पिशवी सोडवली, राउटर उलटा करून तळाच्या चिठ्ठीवरचा पासवर्ड टिपून घेतला, लॅपटॉपची तार जोडली आणि सेटिंगचे पान उघडले.

पहिल्या पानावर सद्यस्थिती असते. मी ती एकदा वाचली. पान बंद करून पुन्हा उघडले आणि पुन्हा वाचली.

जोडणी प्रस्थापित : कधीही नाही. पाठवलेली माहिती : शून्य बाइट.

वीज गेल्यावर असे आकडे शून्यावर येऊ शकतात, म्हणून मी राउटरची अंतर्गत नोंदवही उघडली. ती यंत्र बसवल्या दिवसापासूनची होती. दर मिनिटाला जोडणीचा प्रयत्न, दर मिनिटाला अपयश. कारण साधे होते. मोबाइल कंपनीच्या इंटरनेटचा पत्ता जिथे लिहायचा ती चौकट रिकामी होती. ठेकेदाराने सिमकार्ड घातले, वीज लावली, दिवा हिरवा झाला आणि तो निघून गेला. वीज आहे, यापलीकडे तो दिवा काहीच सांगत नव्हता.

म्हणजे या यंत्राने अकरा महिन्यांत जगाला एक अक्षरही पाठवले नव्हते. मग माझ्या टेबलावर काय येत होते?

येथे एक गोष्ट सांगितली पाहिजे. आकडे खरे की खोटे हे ओळखायची माझी एक पद्धत होती. मी शेवटचा अंक पाहत असे. नदीला शून्य आणि पाच हे अंक विशेष आवडण्याचे कारण नाही. शून्य ते नऊ सारख्याच वेळा यायला हवेत. पण माणूस लांबून पाहतो, कंटाळतो, आणि आकडा शून्यावर किंवा पाचावर आणून ठेवतो. आनंदा डवरींचे आकडे वर्षानुवर्षे असेच होते. मग १४ नोव्हेंबर २०१३ रोजी, सकाळच्या आठच्या नोंदीपासून, घोटण्याचे आकडे एकाएकी शुद्ध झाले. दहाही अंक समान. त्याच नोंदीपासून 'स्वयंचलित' ही खूण दिसू लागली. मी शेरा लिहिला : 'उपकरण कार्यान्वित. दर्जा उत्तम.' इतकेच नव्हे, माणसापेक्षा उपकरण किती विश्वसनीय असते हे दाखवण्यासाठी तो आलेख मी एका बैठकीत पडद्यावर मांडला होता.

मालन चहा घेऊन आली. मी तिला विचारले, "वहिनी, हे आकडे कोण पाठवतं?"

"मशीन पाठवतंय की."

"या मशीनने आजवर काहीच पाठवलेलं नाही."

तिने माझ्याकडे न पाहता हिरव्या दिव्याकडे पाहिले. "दिवा लागलाय की, मॅडम."

मी काही बोलणार तेवढ्यात तिच्या कमरेला खोचलेल्या फोनचा गजर वाजला. चार वाजले होते. तिने चहाचा कप खाली ठेवला, खुंटीवरची वही काढली आणि म्हणाली, "चारचं वाचायचं हाय." परवानगी मागितल्यासारखे ते नव्हते. ती पायऱ्या उतरू लागली. मी तिच्या मागे गेले.

पाणी गढूळ होते आणि वेगाने जात होते. ती शेवटच्या कोरड्या पायरीवर उकिडवी बसली आणि पट्टीकडे बघत राहिली. एक लाट आली, गेली. दुसरी. तिसरी. मग ती म्हणाली, "वर सव्वीसला लागतंय, खाली आठाला येतंय. सतरा." तिने लिहिले : ५४०.१७.

मी पाहिले. सतराच होते. धोक्याच्या पातळीच्या सतरा सेंटिमीटर वर.

"दर वेळी असंच वाचता?"

"मग कसं? लाट वर गेल्याली धरली तरी खोटं, खाली आल्याली धरली तरी खोटं. मधलं खरं."

"डवरी कुठे आहेत, वहिनी?"

तिने पेन वहीत घातले, वही मिटली, पदराने तिच्यावरचे शिंतोडे टिपले. हे सगळे सावकाश झाले.

"न्हाईत. कार्तिकात गेले. एकादशीच्या दुसऱ्या दिवशी."

नऊ महिने झाले होते.

"सकाळी कट्ट्यावर बसले हुते. च्या दिला. कप तसाच ऱ्हायला म्हणून हलवलं, तर मान पडली." ती पट्टीकडेच बघत होती. "आठ वाजत आले हुते. आठचं वाचायचं ऱ्हायलं हुतं. आधी हितं उतरून वाचलं. मग वर जाऊन हाका मारल्या."

१४ नोव्हेंबरची आठची नोंद. तो आकडा मला पाठ होता. बैठकीत मी त्यावर लाल वर्तुळ काढले होते.

"५३१.२८," मी म्हणाले.

मालनने प्रथमच माझ्याकडे सरळ पाहिले. "व्हय. अठ्ठावीस."

त्यानंतर तिने जे सांगितले ते थोडके होते. कार्यालयाला कळवले असते तर दुसऱ्या दिवशी खोल्यांना कुलूप लागले असते. मशीन आले आहे, आता माणसाचे काम नाही, असे साहेब लोक आधीपासून म्हणतच होते. दिराच्या घरात तिला जागा नव्हती. लेक इचलकरंजीत, जावयाच्या दोन खोल्यांत. शिलाईवर तिचे एकटीचे भागत होते. गावाला सारे माहीत होते आणि गावाने तोंड मिटले होते. आकडा पाठवायला म्हसोबाच्या टेकाडावर चढावे लागे, खाली तिच्या फोनला रेंज नव्हती. म्हणून ती तीनचार तासांचे आकडे वहीत ठेवून एकदम पाठवी. फोनच्या पानावर वाचन कसे घेतले हे निवडण्याची जी चौकट होती, तिला ती हात लावत नसे. वर जे पहिले येई ते तसेच राहू देई. पहिले येत होते 'स्वयंचलित'.

"हे काय दाबायचे त्ये मला कुठं ठाव," ती म्हणाली. मग तिला थोडे हसू आले. "ह्यांचं वाचन म्हंजे कट्ट्यावरनंच. पाच, न्हाईतर शून्य. मी म्हणायची, नदीला काय पाचाची शपथ घातलीया व्हय? तर म्हणायचे, तू सातवी शिकल्याली, तूच जा की खाली."

तिने ओंजळीत नदीचे पाणी घेतले आणि कपाळ धुतले. कुंकवाचा रंग मनगटापर्यंत वाहिला. बांगड्या तिने एकेक करून काढल्या आणि कमरेच्या पिशवीत ठेवल्या. त्या फुटू नयेत अशी काळजी घेत, कारण त्या पुढच्या वेळी लागणार होत्या. सरकारी जीप येण्याआधी कुंकू लावायचे आणि बांगड्या भरायच्या, जीप गेल्यावर उतरवायच्या, हे नऊ महिने चालले होते. इशारा वळणावरून मिळत असे. मी वर पाहिले. इलाही जीपला टेकून उभा होता आणि आमच्याकडे पाठ करून उसाकडे बघत होता.

मालन टेकाडाकडे गेली. मी राउटरकडे परतले. हात सवयीने काम करत राहिले : रिकाम्या चौकटीत कंपनीचा पत्ता, खाली आमच्या कार्यालयाच्या सर्व्हरचा आकडी पत्ता, त्याचे पोर्ट, मग 'जतन करा', मग पुन्हा सुरू. चार ओळी. चार वाजून बावीस मिनिटांनी दुसरा दिवा लागला, निळा. शून्याच्या जागी एकशे बारा बाइट आले.

तीन मिनिटांत घोरपडे साहेबांचा फोन. माझ्या फोनला दारात जेमतेम रेंज होती. ते खुशीत होते.

"लागलं, रेगे मॅडम. आकडा आला समोर. ५३८.४२. म्हणजे दीड मीटर जागा आहे. पाचला सगळे दरवाजे उघडायला सांगतो."

मी पेटीवरचा आकडा पाहिला. ५३८.४२. राउटरने तो प्रामाणिकपणे पाठवला होता.

"सर, हा आकडा चूक आहे. पाणी ५४० च्या वर आहे."

"दुपारी एकपर्यंतचे आकडे आहेत माझ्याकडे, ५३९.६० वगैरे. पण ते तुटक्या जोडणीचे. तुम्हीच म्हणालात ना, जोडणी खराब आहे म्हणून? आता दुरुस्त झाली."

तर्क निर्दोष होता, आणि तो मीच त्यांना दिला होता. ज्याला मी बिघाड समजले ते खरे होते. जे दुरुस्त करून दिले ते खोटे होते. नळाच्या तळाची भोके गाळाने बुजली होती, हे नंतर दिसले. तरंगा आत कोंडलेल्या जुन्या पाण्यावर निवांत बसून होता.

"सर, पट्टी ५४०.१७ दाखवते आहे."

"कोणी वाचली? डवरीने? तो तर पाच-पाचने वाचतो, तुम्हीच दाखवलंत."

टेकाडावर मालनची आकृती दिसत होती, फोन डोक्याच्या वर धरलेली. मी म्हणाले, "दहा मिनिटं द्या. मी स्वतः वाचते."

मी उतरले. चारला कोरडी असलेली पायरी आता पाण्याखाली होती. तिच्यावर उकिडवी बसून मी तीन लाटा जाऊ दिल्या. वर एकतीस, खाली पंधरा. मी फोन केला : "५४०.२३. मी वाचलं आहे, सर. वाढतंय."

साहेबांनी आकडा पुन्हा विचारून लिहून घेतला. मग म्हणाले, "तुम्ही वाचलंत म्हणता म्हणजे विषय संपला." दरवाजे दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत बंद राहिले. बेलवाडीत कोणाला काही कळले नाही. टळलेल्या गोष्टीची नोंद कुठेच होत नाही.

निघताना मालन जीपपर्यंत आली. कपाळ कोरे होते. तिने हात जोडले नाहीत, रडली नाही. एवढेच म्हणाली, "मॅडम, तोंडानं कुणालाबी सांगा. लिहू नका."

मी 'बघते' म्हणाले.

वळण मागे पडल्यावर इलाहीने रस्त्यावरची नजर न काढता सांगितले, "हॉर्न मीच देतो, मॅडम. सांगायचं झालं तर माझंबी सांगा."

मी सांगितले नाही. लिहिले.

याचे समर्थन आजही मला तयार आहे, आणि तीच अडचण आहे. सुमारे दोन हजार चारशे नोंदींपुढे 'स्वयंचलित' ही खूण होती आणि ती खोटी होती. पंधरा दिवसांनी वार्षिक तपासणीत त्या नोंदींवर माझी सही होणार होती. शिवाय मला वाटले, हा सन्मान आहे. प्रत्येक नोंदीपुढची खूण खोडून मी लिहिले : 'मानवी निरीक्षण. निरीक्षक : श्रीमती मालन आनंदा डवरी. गुणवत्ता : उत्कृष्ट.' शेवटच्या अंकांचा आलेख जोडला. तिला निरीक्षक म्हणून नेमावे, अशी शिफारस दीड पानांची केली. एवढी अचूकता पाहिल्यावर कोणीही तिला ठेवून घेईल, हे मी गृहीत धरले. तेवीस केंद्रांचा एकही आकडा पारखल्याशिवाय न स्वीकारणाऱ्या मी हे गृहीतक पारखले नाही.

घोरपडे साहेबांनी मला खोलीत बोलावले. टिपण त्यांच्यासमोर होते. ते रागावलेले नव्हते, थकलेले होते.

"हे तुम्ही मला चहा पिताना सांगितलं असतंत, तर मी ऐकलं नसतं. तुम्ही लिहिलंत. आता मला वाचावं लागतंय."

पुढचे सारे नियमाप्रमाणे झाले. चौकशी बसली. डवरींच्या बँक खात्यात जमा होत राहिलेल्या पगाराला तिने हात लावला नव्हता, म्हणून गुन्हा दाखल झाला नाही. अनधिकृत व्यक्तीने घेतलेल्या म्हणून नऊ महिन्यांच्या सर्व नोंदी रद्द झाल्या. खोल्या तीस दिवसांत रिकाम्या करण्याचा आदेश निघाला. त्याला आधार म्हणून माझेच टिपण जोडले होते. शिफारशीचे दीड पान जोडलेले नव्हते. इलाहीने रजा टाकली आणि भावाच्या टेम्पोतून शिलाई मशीन आणि बाकीचे सामान इचलकरंजीला पोचवले. हे मला दुसऱ्या ड्रायव्हरकडून कळले. मी मालनला पुन्हा भेटले नाही. पत्र लिहायला बसले होते. मग आठवले, तिने मला काय करू नका म्हणून सांगितले होते.

त्या वर्षीच्या छापील जलवार्षिकात घोटण्याच्या पानावर नोव्हेंबरपासून ऑगस्टपर्यंत आडव्या रेघा आहेत. त्या रेघांमध्ये एकच आकडा शिल्लक आहे, कारण तो अधिकृत व्यक्तीने घेतला होता : ५४०.२३, निरीक्षक रेगे. तीन लाटांची पद्धत कोणाकडून शिकले, हे लिहायला तेथे रकाना नाही.

पुढच्या जूनमध्ये नळातला गाळ तपासायला मी पुन्हा घोटण्याला निघाले. केंद्रावर आता ठेकेदाराने नेमलेला निरीक्षक होता. त्याचे सहा महिन्यांचे आकडे माझ्या पिशवीत होते. शून्य आणि पाच, शून्य आणि पाच.

डावीकडे ऊस आला, उजवीकडे नदीचा उतार. इलाहीने गियर बदलला, वळण घेतले आणि जीप केंद्रासमोर नेऊन उभी केली. हॉर्न दिला नाही.